गोचीडवाले आप्पा

आमच्या शेजारचे आप्पा पुतण्यासाठी मुलगी बघायला वडगाव रासाईला गेले आणि कांदेपोहे यायच्या आत गोठ्यात शिरले. तिथल्या गायीचा कान उलटा करून तीन गोचिडी उपटल्या, खिशातल्या डिझेलच्या बाटलीत टाकल्या आणि बैठकीत येऊन निकाल दिला, "पोरगी पसंत हाय. गोठा नापास." लग्न झालं, पण गोचिडी अंडी घालतात त्या गोठ्याच्या भिंतीतल्या फटी सिमेंटने बुजवल्यावरच.

आमच्या गावात, न्हावऱ्यात, कुणी त्यांना राम राम घातला की उत्तर येतं, "कानात बघितलं का?" नवा माणूस आधी स्वतःचाच कान चाचपतो.

आमच्याकडे एकच गाय, मोगरी. आईने वासरापासून वाढवलेली. मी शाळामास्तर. गोचीड दिसली की उपटायची आणि उकिरड्यावर भिरकावायची, एवढंच माझं ज्ञान. आप्पांनी एकदा ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, माहेरी धाडली व्हय तिला? चार दिस ऱ्हाऊन येती बघा परत, लेकरंबाळं घिऊन." मी हसलो. तिथेच माझं चुकलं.

उन्हाळ्यात मोगरी तापाने फणफणली. चारा बंद, रवंथ बंद. डॉक्टर म्हणाले, गोचीडताप. इंजेक्शन देऊन निघताना म्हणाले, "रवंथ करायला लागली तर वाचली समजा." आईने जेवण सोडलं. मला दोघींकडेही बघवत नव्हतं.

आप्पा न बोलावता आले. गोणपाटावर बसून कान, शेपटीचं मूळ, कास, एकेक जागा धुंडाळत गोचिडी वेचू लागले. ऊन चढलं की भिंतीच्या फटी लिंपायच्या. मोगरीशी त्यांचं बोलणं अखंड चालू. माझ्याशी फक्त, "मास्तर, सरका."

चौथ्या दिवशी सकाळी मोगरीचा जबडा हलला. आप्पा उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग थेट रस्त्यावर. "रवंथ करती! मास्तरांची गाय रवंथ करती!"

ग्रामपंचायतीला तीनदा पडलेल्या आप्पांच्या घरी गुलालाची न फोडलेली पिशवी होती. ती त्या दिवशी फुटली. मी, आई, तपासायला आलेल्या डॉक्टरांची मोटारसायकल, कुणीच सुटलं नाही. मोगरीला तेवढं वगळलं, डोळ्यात जाईल म्हणून. आईने गुलालाच्याच हाताने भाकरी खाल्ली. इतका आनंद मला माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

माणसं पांगली. आप्पा मात्र गोणपाटावरून उठेनात. बायको वारल्यावर दौंडला रेल्वेत नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांची जनावरं विकायला लावली होती. एकट्याला झेपायची नाहीत, म्हणाला.

"आता ही बरी झाली," आप्पा मोगरीच्या पाठीवरून हात फिरवत आईला म्हणाले. "म्हंजी उद्यापास्नं माझं काय काम न्हाई हितं."

आई भांडं विसळत होती. वर न बघता म्हणाली, "धारंला येत जावा, आप्पा. माझं गुडघं लई धरत्यात आताशा."

आईचे गुडघे ठणठणीत आहेत. धार मात्र तेव्हापासून आप्पाच काढतात.