सुवा पद्धत

वेल्टमार कंपनीच्या फिजीतल्या सुवा कार्यालयाला प्रमुख मिळत नव्हता, आणि त्याचं खापर हळूहळू उनाइसीच्या डोक्यावर फुटायला लागलं होतं.

कार्यालयाचं काम सोपं होतं. जगभरच्या विमानतळांवर लोकांच्या बॅगा हरवतात. त्या बॅगांचे मालक तापलेल्या डोक्यानं ज्या नंबरवर फोन करतात, तो फोन सुव्यात वाजतो. बासष्ट माणसं दिवसभर शिव्या ऐकायची, "तुमचा त्रास समजू शकतो" म्हणायची आणि संध्याकाळी घरी जाऊन निवांत मासा नि कसाव्याचा कंद खायची. या बासष्ट जणांना सांभाळू शकतील अशी माणसं सुव्यात ढिगानं होती. पण रॉटरडॅमच्या मुख्यालयाला काम येणारा माणूस नको होता, कंपनीच्या संस्कृतीत बसणारा हवा होता. ही संस्कृती एका गुळगुळीत पुस्तिकेत छापलेली होती. पुस्तिका दरवर्षी बदलायची, त्यामुळे संस्कृतीही.

कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे मार्लूस ठरवायची. ती कंपनीची जागतिक संस्कृतिप्रमुख. सुव्यात सकाळचे सात वाजले की रॉटरडॅमला आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असत. त्या वेळी ती जेवण आटोपून पडद्यावर यायची आणि माणसांना गुण द्यायची.

पहिली उमेदवार खुद्द उनाइसीच होती. नऊ वर्षं ती तिथं माणसं निवडायचं काम करत होती आणि मधल्या काळात आलेल्या-गेलेल्या चार प्रमुखांचंही काम तीच करत होती. पण मोठ्या माणसाशी बोलताना नजर खाली ठेवावी, असं तिला आईनं शिकवलेलं. मार्लूसनं शेरा दिला, "आत्मविश्वास कमी. माणसं निवडण्यासाठी मात्र उत्तम." म्हणजे स्वतःचा साहेब स्वतःच शोधून आण.

उनाइसीनं शोधले. दुसरा उमेदवार मार्लूसला 'मॅडम' म्हणाला, तो गेला, कारण कंपनीत कुणी वर नाही आणि कुणी खाली नाही, असं वरून कळवण्यात आलं होतं. तिसऱ्या बाई प्रत्येक गोष्ट "आम्ही सगळ्यांनी केली" म्हणाल्या. त्यांच्यात नेतृत्व दिसलं नाही. चौथ्याला उनाइसीनं सावध केलं, म्हणून तो "मी केलं, मी केलं" म्हणत राहिला, आणि त्याला इतरांची कदर नसल्याचं आढळलं. पाचव्यानं सुरुवातीला डोळे मिटून प्रार्थना केली. ती जरा लांबली, आणि मार्लूसला वाटलं पडदा गोठला.

मग पत्र आलं. शुक्रवारपर्यंत माणूस मिळाला नाही, तर प्रमुखाची खुर्ची मनिलाला हलवू आणि माणसं निवडायचं टेबलही तिकडेच नेऊ. टेबल म्हणजे कोण, हे उनाइसीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सहावा उमेदवार साकिउसा. सुव्याच्या धक्क्यावर पंधरा वर्षं त्यानं बेटांवर जाणाऱ्या बोटींचा कारभार पाहिला होता. वादळामुळे दोन दिवस खोळंबलेल्या बोटीवरची माणसं आणि डुकरं दोन्ही शांत ठेवायची हातोटी त्याच्याकडे होती. उनाइसीनं त्याला सगळं पढवलं. नजर वर, 'मॅडम' नाही, 'मी' आणि 'आम्ही' आलटून पालटून, प्रार्थना मनातल्या मनात.

एक गोष्ट मात्र तिनं विचारली नाही. फिजीत माणसाला नावाआधी गाव विचारतात. गाव कळल्याशिवाय त्याच्याशी कसं बोलायचं तेच कळत नाही. पण पक्षपात नको म्हणून गाव, घराणं आणि चर्च विचारायला मुख्यालयाची बंदी होती. उनाइसीनं नियम पाळला. नियम पाळणाऱ्यांचं जे होतं, ते तिचंही झालं.

गुरुवारी सकाळी सातला मुलाखत सुरू झाली. पडद्यामागचं तंत्र सांभाळायला रोनील बसला होता. साकिउसा छान बोलत होता. वीस मिनिटांनी मार्लूस हसून म्हणाली, "आता जरा तुझी कहाणी सांग. तू कुठून आलास?"

"मी वाइकुमाचा," साकिउसा म्हणाला.

उनाइसीच्या हातातला कप हवेतच थांबला. ती नातोबुलेवूची. वाइकुमा आणि नातोबुलेवू ही तौवू गावं. दोघांचा मूळ देव एक. तौवूनं तौवूला वाटेल ते बोलावं, त्याचं वाटेल ते उचलून न्यावं, मागितलेलं कुणी नाही म्हणू नये, आणि समोरच्यानं फक्त हसावं. जो चिडला तो हरला. आणि हरतो तो एकटा नाही, त्याचं अख्खं गाव हरतं. पुढची दोन-तीन वर्षं लग्नात नि मयतीत त्याची आठवण काढली जाते.

उनाइसी गप्प राहिली. आणखी दहा मिनिटं निभावली असती. पण रोनील मुळात भला माणूस, आणि भल्या माणसाला गप्प बसवत नाही.

"अरेच्चा," तो म्हणाला, "आमच्या मॅडम नातोबुलेवूच्या."

साकिउसाच्या चेहऱ्यावरचा उमेदवार गळून पडला.

"तरीच," तो म्हणाला. "मी मघापासून विचार करतोय, ही बाई खुर्चीत अशी अवघडून का बसलीय. नातोबुलेवूत खुर्ची अजून पोचायचीय, नाही का?"

"श्रीयुत साकिउसा," उनाइसी दातांवर दात ठेवून म्हणाली, "आपण मुद्द्यावर येऊ या."

"येऊ की. तुमच्या गावचे मुद्द्यावर यायला सहा महिने घेतात, मी थांबतो." आणि त्यानं शांतपणे तिच्या हातातला कप काढून घेतला, एक घोट घेतला. "साखर कमी आहे. पण कप बरा आहे. हा माझा."

पडद्यावर मार्लूस पुढे झुकली होती. उनाइसीला नोकरी दिसत होती, मनिला दिसत होतं. पण त्याहून ठळक दिसत होते नातोबुलेवूचे सगळे मामा-मावश्या, आणि ते विचारत होते, तू ऐकून घेतलंस?

"पी बाबा, पी," ती म्हणाली. "वाइकुमाच्या माणसाला आयतंच प्यायची सवय. तुमच्याकडचे मासेमारीला जातात तेव्हा मासेच दया येऊन होडीत उडी मारतात. आणि हे बूट काढ. एवढे चांगले बूट तुझ्या गावात शोभत नाहीत, माझ्या भावाला होतील."

साकिउसानं हसत हसत बूट काढून टेबलावर ठेवले. पुढची पंधरा मिनिटं दोन गावांचे पूर्वज, स्वयंपाक, नाकं आणि चर्चमधलं बेसूर गाणं, सगळं निघालं. मुलाखत संपली तेव्हा साकिउसा अनवाणी होता आणि उनाइसीकडे पेन नव्हतं.

"मार्लूस, हे जरा समजावून सांगते," उनाइसी म्हणाली. "आमच्याकडे एक प्रथा—"

"काही समजावू नकोस," मार्लूस डोळे पुसत म्हणाली. "चौदा वर्षं मी 'निर्भय सत्य' शिकवतेय. आज पहिल्यांदा पाहिलं. आणि 'सगळं सगळ्यांचं' हे मूल्य, तो कप, ते बूट... देवा."

साकिउसाला शंभरपैकी सत्त्याण्णव गुण मिळाले. तीन कापले, कारण पूर्ण गुण देणं कंपनीच्या संस्कृतीत बसत नव्हतं.

प्रकरण इथं मिटलं असतं तर उनाइसीनं देवाचे आभार मानले असते. पण ज्याला चांगली गोष्ट सापडते त्याला ती एकट्यापुरती ठेवता येत नाही, त्यातून हे तर संस्कृतीचं खातं. महिन्याभरात मुलाखतीची चित्रफीत एकतीस देशांत गेली. तिचं नाव ठेवलं 'सुवा पद्धत'. प्रत्येकानं आठवड्यातून तीनदा सहकाऱ्याला निर्भयपणे सत्य सुनवायचं आणि त्याची एक वस्तू घ्यायची. न करणाऱ्याचे गुण कापले जाणार होते.

सुव्यातच पहिली पंचाईत झाली, कारण सुव्यात सगळेच काही एकमेकांचे तौवू नव्हते. रोनीलच्या वाट्याला दारावरचे म्हातारे पहारेकरी आले. त्यानं तीन दिवस विचार केला, मग "काका, तुमची टोपी काही खास नाही," एवढंच म्हणाला आणि उरलेला आठवडा त्यांना चहा पाजत राहिला. फोनवर बसणारी लिटिया आणि तिचा चुलतभाऊ यांची जोडी लावली गेली. फिजीत भाऊ-बहीण मोठे झाले की एकमेकांशी थेट बोलतसुद्धा नाहीत. दोघंही त्याच दुपारी आजारी पडले.

"तू तर प्रमुख आहेस, थांबव हे," उनाइसी साकिउसाला म्हणाली.

"मी रॉटरडॅमला तीनदा लिहिलं," साकिउसा म्हणाला. "म्हणाले, नम्रता पुरे. तुझ्या गावातल्या एखाद्याला लिहायला सांगू का? पण त्याला आधी लिहायला शिकवावं लागेल."

रॉटरडॅमला मात्र लोकांनी पद्धत मनापासून उचलली. एका कारकुनानं हिशेबप्रमुखाला तो सासऱ्यामुळे वर चढल्याचं निर्भय सत्य सुनवलं आणि त्याची सायकल घेऊन घरी गेला. हिशेबप्रमुख हसला नाही. त्यानं वकील केला. वकिलानं विचारलं की हे सगळं कुठून सुरू झालं, आणि चित्रफीत पुन्हा एकदा पाहिली गेली, या वेळी न हसता. एकविसाव्या मिनिटाला एक पुरुष उमेदवार एका स्त्री कर्मचाऱ्याचा अपमान करतो आणि तिचा कप बळकावतो, अशी नोंद झाली.

पुन्हा सकाळचे सात. पडद्यावर मार्लूस आणि शेजारी कंपनीचा वकील. इकडे उनाइसी, साकिउसा आणि रोनील.

"उनाइसी, तू फार सोसलंस," मार्लूस म्हणाली. ज्या आवाजात तिनं सत्त्याण्णव गुण दिले होते, तोच आवाज होता. "तुझ्यासमोर एक कागद आहे. 'माझा अपमान झाला, मला वाईट वाटलं.' एवढीच सही कर. साकिउसाला दूर करू. तुझी नोकरी सुरक्षित."

"आणि मला वाईट वाटलं नाही, असं म्हटलं तर?"

वकिलानं घसा साफ केला. "मग तुम्ही दोघांनी संगनमतानं मुलाखतीत नाटक केलं, असा अर्थ होतो. मग दोघांनाही जावं लागेल. त्याची खुर्ची आज रिकामी झालेली आम्हाला हवी आहे. कशी, ते तुम्ही ठरवा."

उनाइसीनं कागद पाहिला. खोटी सही करून नोकरी राहणार होती, आणि त्या सहीबरोबर नातोबुलेवू हरणार होतं. तौवूच्या बोलण्याचं वाईट वाटलं, असं लेखी देणारी ती दोन्ही गावांच्या इतिहासातली पहिली बाई ठरली असती. न केली, तर रिकाम्या हातानं घरी. तिला रडू यायला लागलं आणि त्याचाच जास्त राग आला.

"कर गं सही," साकिउसा हळूच म्हणाला. "मी धक्क्यावर परत जातो. बोटी माझ्यावाचून बुडायला आल्यात. तू कुठं जाणार? नातोबुलेवूची अब्रू म्हणशील, तर ती गेल्याचं कुणाला कळणारही नाही."

त्यानं हे थट्टेत म्हटलं, पण त्याचे डोळे थट्टेचे नव्हते. उनाइसीला त्याची फार माया वाटली. अशा माणसाला चोर ठरवायचं आणि वर त्याच्याच परवानगीनं, हे तिच्यानं होणार नव्हतं. तिनं कागद बाजूला सारला.

"साकिउसा," ती म्हणाली, "तुझी खुर्ची मला आवडलीय. मला दे."

साकिउसा तिच्याकडे वळला.

"कधीपासून आवडलीय?"

"नऊ वर्षं झाली."

तौवूनं मागितलेलं नाही म्हणता येत नाही. साकिउसा उठला आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं पडद्यावर, रॉटरडॅमच्या समोरून, एक भलीमोठी काळी खुर्ची डावीकडून उजवीकडे गेली. तिच्याखाली दोन पाय दिसत होते.

"काय चाललंय तिकडे?" मार्लूसनं विचारलं.

"नेतृत्वबदल," रोनील म्हणाला.

वकिलानं चार प्रश्न विचारले. साकिउसानं पद स्वखुशीनं सोडलं का? हो. कुणी दबाव आणला? नाही, मागितलं, मी दिलं. बाईंची तक्रार आहे? नाही. मग माणसं निवडायच्या रिकाम्या टेबलाचं काय? ते साकिउसानं मागितलं, आणि उनाइसीनं दिलं. वकिलानं आयुष्यात एवढी स्वच्छ फाइल पाहिली नव्हती; त्यानं ती मिटवून टाकली. मार्लूसनं लगेच लिहून काढलं की कंपनीची संस्कृती आता इतकी मुरली आहे की सुव्यात माणसं आपापले नेते आपणच निवडतात. तिचीही नोकरी वाचली.

पडदा काळा झाल्यावर उनाइसी त्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला जरा मोठी होती. साकिउसानं तिच्या जुन्या टेबलाचा खण उघडला, तिची बिस्किटं काढली, दोन खाल्ली, एक रोनीलला दिलं.

"एक सांग," तो तोंडात घास असतानाच म्हणाला. "साधी खुर्ची मागायला तुमच्या गावाला नऊ वर्षं लागतात होय?"

उनाइसीनं हात लांब करून बिस्किटांचा पुडा त्याच्याकडून काढून घेतला. "खुर्चीबरोबर हाही माझा," ती म्हणाली.