गोड विहिरीचा विडा

हुजूर, रंगाऱ्यांची गोड विहीर तुम्ही गिळलीत. तीही चुना लावून, सावकाश चावून.

या बंदरात समोरच्यानं दिलेला विडा तोंडात घातला की होकार झाला. मग नाही म्हणता येत नाही. टोपीकरांनी गलबतातून उतरल्या उतरल्या हा रिवाज तेवढा शिकून घेतला. आपली भाषा त्यांना अजून येत नाही. गरजच पडली नाही.

पहिली मागणी साधी होती. विकत घेतलेली कापडं वाळवायला विहिरीभोवतीची मोकळी जागा हवी. तुम्ही विडा खाल्लात. मग बकऱ्या कापड चघळतात म्हणून कुंपण. विडा. कुंपणाची लाकडं त्यांचेच खलाशी सरपणाला पळवतात म्हणून भिंत. विडा, वेलदोड्यासकट. एवढी भिंत बोडकी दिसते म्हणून तोफा. तोफा समुद्राकडे लावायच्या होत्या. पण खारा वारा लोखंडाला बाधतो, सबब त्यांची तोंडं गावाकडे वळवण्यात आली. त्या विड्याला लवंग टोचलेली होती.

विहीर भिंतीच्या आत राहिली. बाहेरच्या सगळ्या विहिरी खाऱ्या, आणि खाऱ्या पाण्यात तांबडा रंग कापडाला धरत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

अक्कम्मा रंगारीण कापड घेऊन भिंतीआडच्या वखारीच्या दारात गेली. टोपीकरांचा दुभाषा नरसय्या, आपल्याच गल्लीतला, ते उन्हात धरून म्हणाला, "अक्का, हा रंग आहे की रंगाची आठवण?"

"रंग तुमच्या भिंतीत अडकलाय, अण्णा. चार घागरी पाणी सोड, उद्या आणते."

"पाणी वखारीच्या कामालाच मिळतं."

"मग हे कापड काय माझ्या सासऱ्याच्या धोतराला रंगवलंय?"

"पसंत पडलं तर ते वखारीचं काम. आधी पसंत पडू दे, मग पाणी ने."

ती तुमच्या दरबारात आली. हुकूम तयार होता: फिका रंग देऊन बंदराची अब्रू घालवल्याबद्दल अक्कम्मानं घर खाली करावं. घर भिंतीला लागून आहे, आणि टोपीकरांना नवं कोठार बांधायचंय, हा निव्वळ योगायोग. तुमचा गाल विड्यानं फुगलेला होता.

"हुजूर, जरा जीभ दाखवा," अक्कम्मा म्हणाली.

दरबार खदाखदा हसला. हसताना सगळ्यांची तोंडं उघडली. सगळी लालभडक. भिंतीच्या मुहूर्ताला गावजेवण झालं होतं, विडे गावभर वाटले होते. कित्येकांनी घरच्यांच्या नावानं जास्तीचे नेले होते.

"सापडला माझा रंग," ती म्हणाली.

पटापट ओठ मिटले. तेव्हापासून गावात कुणी बोलत नाही. हे वाचणाऱ्यांनीही उगाच ओठ पुसू नयेत. त्या पंगतीत पान कुणाचंच रिकामं नव्हतं.

उद्या तिचं घर पडणार आहे. हुजूर, आधी तो विडा थुंका आणि मोकळ्या तोंडानं सांगा: विहीर कुणाची?