मामा म्हणायचं नाही

परदेशी पाहुण्यांसमोर कसं वागावं, हे आमच्या घरात फक्त मला कळतं. भाच्याने जॉर्जियन मुलगी पसंत केली, तिचे आईवडील भेटायला येणार असं ठरलं आणि मी तयारीला लागलो. मोबाइलवर वाचता वाचता दचकलोच. त्यांच्या भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप!

आता भाच्याचे वडील तो रांगत असतानाच गेले. बहीण त्याला घेऊन आमच्याकडे आली, ती कायमचीच. हा मला ‘मामा’ म्हणाला की मुलीच्या वडिलांना वाटणार, बाप धडधाकट असून यांनी गेला म्हणून सांगितलं. लग्न तिथेच मोडणार. मी फर्मान काढलं, “पाहुणे असेपर्यंत मामा म्हणायचं नाही. जो म्हणेल तो स्वयंपाकघरात.”

मुलगी आईवडिलांना घेऊन आली. भाचा दारातच म्हणाला, “हा माझा मामा.” मी डोळे वटारले. तो गेला आत.

बहिणीने पाणी आणलं. “आधी मामाला...” तीही आत. बायको तोंड घट्ट मिटून बसली होती, पण किती वेळ बसणार? “अरे, मामांचा चष्मा आण रे,” तिने भाच्याला हाक मारली आणि माझ्याकडे न बघताच स्वतःही उठून गेली.

बैठकीत उरलो मी आणि ते तिघं. मी हसलो. तेही हसले. मग पंख्याकडे बघून सगळेच हसलो. शेवटी मुलीच्या वडिलांनी कोट उचलला. मुलगी रडवेली होऊन तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, “बाबा विचारतात, आमचं काय चुकलं? सगळे उठून का गेले?”

मी घाम पुसत खरं काय ते सांगितलं. तिने ते वडिलांच्या कानावर घातलं. ते बराच वेळ बोलत राहिले.

“आम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली. “तो पहिल्याच भेटीत म्हणाला, मला ज्याने वाढवलं तो तुमच्या भाषेतही मामाच. बाबा त्या माणसाला भेटायला आलेत.”

लाजेने माझे कान तापले. “बसा, बसा,” म्हणत मी आत धावलो. भाचा ओट्यापाशी पाठ करून उभा होता.

“चल रे बाहेर,” मी म्हणालो.

“तू मला आत पाठवलंस ना,” तो न वळता म्हणाला, “तेव्हा पहिल्यांदा वाटलं, मी या घरात नुसता भाचा आहे.”

एरवी सगळ्यांना वागणं शिकवणाऱ्या मी ओट्यावरचे ग्लास घासायला घेतले. बायको हळूच म्हणाली, ते धुतलेलेच आहेत.