उष्ट्या हाताचे पाणी

आमचे शेजारी मन्मथअप्पा कोणाच्याही घरी जेवत, पण हात कोणाच्याही घरी धूत नसत. पान संपले की उष्टा उजवा हात खांद्याच्या वर धरून आणि डाव्या हातात यजमानांच्याच पाण्याचा तांब्या घेऊन ते भर रस्त्याने निघत आणि स्वतःच्या अंगणातल्या लिंबोणीच्या आळ्यात हात धूत. लग्न पार बाजारातल्या गोलाईपलीकडे असले तरी क्रम हाच. एकदा वाटेत कोणा वरपक्षाच्या पाहुण्याने त्यांना वाकून नमस्कार केला. अप्पांचा हात आधीच वर असल्याने तो आशीर्वाद ठरला; मात्र त्यातला वरणाचा भाग पाहुण्याच्या टोपीवर पडला.

मी न्यायालयातून पेशकार म्हणून निवृत्त झालो आहे. असले प्रकार मी डोळ्यांआड करीत नाही.

दुष्काळाचे दिवस होते. नळाला चौथ्या दिवशी पाणी येई, तेही घागर भरेपर्यंत खोकून थांबे. त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. पूर्वी माझे अर्ज टपालाने उस्मानाबादेस जात. आता खुद्द जिल्हाधिकारी चालत जाण्याच्या अंतरावर आले. नवीन जिल्ह्याचा याहून मोठा लाभ मला ठाऊक नाही. मी तत्काळ अर्ज दाखल केला: ‘उपरोक्त इसम टंचाईच्या काळात खाजगी वृक्षाचे संगोपन करीत असून, सदर वृक्षाची काटेरी फांदी अर्जदाराच्या हद्दीत सव्वा हात आली आहे व तिने अर्जदाराचे धोतर दोन वेळा फाडले आहे. सबब चौकशी व्हावी.’

आठवड्याच्या आत एक कारकून सायकलवरून चौकशीस आला. दुपारची वेळ होती, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी त्याला जेवूनच उठा म्हणून बसवले. तो आचवायला उठतो न उठतो तोच फाटकात अप्पा हजर.

“साब, तिथं मोरीत नगा वाया घालू. हिकडं या.”

आणि तो शासकीय प्रतिनिधी उष्टा हात वर धरून, माझा तांब्या घेऊन, वादग्रस्त वृक्षाकडे चालता झाला! त्याने हात धुतला, चूळ भरली, उकडत होते म्हणून तोंडही धुतले.

“झाडाला पाणी कोण घालतं?” त्याने मग रीतसर विचारले.

“म्या कुठं घालायलोय? तुमीच घातलाव की आत्ता.”

अहवालात लिहिले होते, ‘वृक्षास स्वतंत्र पाणी दिले जात असल्याचे आढळले नाही.’ मी सतरा मुद्द्यांचे अपील केले.

अप्पांचा नियम खरोखरच तसा होता. पिण्याचे पाणी झाडाला नाही. माणसाच्या हातावरून गेलेले तेवढेच झाडाला. पण त्यांचे घर एकट्याचे. पत्नी जाऊन बरीच वर्षे झालेली, दोन्ही मुले सोलापुरात. उन्हाळा चढला तशी लिंबोणीची पाने गळू लागली. अप्पा माझ्या ओट्याशी येऊन म्हणाले, “पेशकारसाब, एका हाताच्या पाण्यानं न्हाई भागायलं. तुमी बी येत जावा.”

“प्रकरण चौकशीअधीन आहे,” मी म्हणालो.

“मग हात तेवडा पाठवून द्या,” असे म्हणून ते शेजारच्या दारी गेले.

मी गेलो नाही, गल्ली मात्र गेली. आमच्या सौभाग्यवतीही गेल्या. भर दुपारी वीस-पंचवीस माणसे उष्टे हात वर करून रस्ता ओलांडताना मी खिडकीतून पाहिली आहेत. एखाद्या मोर्च्याला परवानगी लागते, याला लागत नव्हती. अप्पा आळ्याशी दगडावर बसून प्रत्येकाला विचारीत, “काय भाजी व्हती?” कोणी वांगे म्हणे, कोणी नुसते पिठले. “अक्का, शेंगदाण्याचा कूट घातला का न्हाई?” सौभाग्यवतींना केलेला हा प्रश्न आमच्या घरातील अंतर्गत बाबींत हस्तक्षेप करणारा होता. मी त्याची नोंद ठेवली.

शेवटी झाडावर काटेच उरले. मी ते मृत असल्याचे लेखी कळवले. अप्पा म्हणाले, “मेलं न्हाई. ताण बसलाय त्याला. ताण बसल्यावरच लिंबोणी लई फुलती.” पुढे पाऊस झाला, आणि मला जाहीरपणे मान्य करणे भाग आहे की ते झाड एवढे फुलले की माझ्या हद्दीतली फांदीसुद्धा पांढरी झाली. थंडीत अप्पांनी घरोघरी लिंबे वाटली.

वेळ अमावास्येला आम्ही त्यांना जेवायला बोलावले. या सणाला लोक शेतात जाऊन जेवतात, पण आम्हांला शेत नाही. भज्जी आणि आंबील घरीच. अप्पा पोटभर जेवले, उठले, आणि आमच्या मोरीत हात धुतले.

मी संतापलो. “अप्पा, हे काय? नियम नियम असतो!”

“नळ सुटलाय आता, साब. झाडाला पाणी लई हाय.” त्यांनी धोतराच्या सोग्याला हात पुसला. “म्हैना झाला, आळ्याकडं कुनी आलं न्हाई. कुनाच्या घरी काय शिजतंय, त्ये बी कळंना.”

मी याची नोंद ठेवली नाही. माझ्या आयुष्यात अशा घटना अल्प आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी डाव्या हातात तांब्या घेतला, उजवा हात खांद्याच्या वर धरला आणि अप्पांच्या अंगणाकडे निघालो. फांदीने धोतर तिसऱ्यांदा फाडले. अप्पा दगडावर बसले होते. मला पाहून आधी दचकले, मग सरकून बसले.

“काय भाजी व्हती, पेशकारसाब?”

“दोडक्याची. मीठ कमी होते.” आणि मग, अपिलाच्या सतरा मुद्द्यांत जो मला कधीच सुचला नव्हता, तो प्रश्न मी विचारला. “तुम्ही काय जेवलात?”



“अजून न्हाई जेवलो.”

“आमच्याकडे भाकरी शिल्लक आहे. उठा. हात नंतर इथेच धुऊ.”

त्यांचे जेवण होईपर्यंत मी समोर बसून राहिलो. माझा उष्टा हात कोपरापर्यंत सुकून कडक झाला. त्याबद्दल मी अद्याप कोणाकडेही तक्रार केलेली नाही.