पुतळाबाईंचं मनगट

उलव्याच्या फ्लॅटमध्ये पुतळाबाई उजवा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. मनगटात अंगठा ओढणारी दोरीसारखी शीर ज्या नळीतून जाते, ती नळी आवळली होती. पट्टा झाला, इंजेक्शनं झाली, शेवटी छोटं ऑपरेशन करून डॉक्टरांनी ती मोकळी केली. घरी सोडताना त्यांनी नवऱ्याला बजावलं, "सहा आठवडे भाकरी बंद."

"भात चालंल ना?" नामदेवरावांनी काळजीनं विचारलं.

"अहो, खायची नाही. थापायची!"

नामदेवरावांनी भावकीच्या ग्रुपवर 'ऑपरेशन सक्सेस' एवढंच टाकलं. कशाचं, ते लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गावाहून टेम्पो भरून माणसं आली.

"आल्यासारखी जेवूनच जा," नामदेवराव दारातच बोलले. नऊच्या नऊ जण लगेच बसले.

सून उन्नती म्हणाली, "बाबा, पोळ्या बाहेरून मागवते."

"आमच्या घरान पावन्यांना बाहेरची पोली? गावान काय नाव ऱ्हाईल?"

"मंग नाव तुमी थापा," पुतळाबाई म्हणाल्या.

त्यांनी थापलं. पहिली भाकरी परातीतून उठलीच नाही, दुसरी तव्यावर पोचेपर्यंत चार ठिकाणी फाटली. पाहुण्यांचे चेहरे पाहून पुतळाबाई उठल्या, डाव्या हातानं म्हणता म्हणता उजव्यानंही थापू लागल्या. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पट्टी ओली झाली.

"टाके उसवले तर पुन्हा ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले.

पुतळाबाई घरी येऊन बघतात तर जाऊ सत्यभामा आणखी सहा बायकांना घेऊन हजर.

"पन झालता काय नक्की?" सत्यभामेनं विचारलं.

"अंगठा मुठीन धरा," पुतळाबाई म्हणाल्या. "आता मूठ करंगलीच्या अंगाला वाकवा."

"आय गो!" सात आवाज एकदम आले.

सत्यभामा मनगट चोळत म्हणाली, "मना वाटलं, सगल्यांचाच दुखतं. म्हनून कवा बोललेच नाय."

त्या संध्याकाळी बायका न जेवताच गेल्या. सकाळी सातही जणी डॉक्टरांकडे रांगेत होत्या. सातही जणींना पट्टा मिळाला, महिनाभर मळणं-थापणं बंद. दुपारपर्यंत ग्रुपवर सत्यभामेच्या नवऱ्याचा, नंदकुमारचा, मेसेज आला : 'पुतळावहिनींना विश्रांतीची गरज हाय. बायकांनी भेटायला जाऊ नये. सर्वानुमते.' त्याखाली सत्तावीस अंगठे. सगळे पुरुषांचे, आणि दुखणारा एकही नाही.

मग बेल वाजायची थांबली. घरच्यापुरत्या भाकऱ्या आता नामदेवरावच थापत, आणि त्या परातीतून उठतही. नामदेवराव दोनदा दार उघडून लिफ्टकडे बघून आले.

"कोनीच कसा येत नाय गो? आपला काय चुकला?"

पुतळाबाई भरदुपारी झोपल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तेवढ्यात फोन वाजला. नंदकुमार. आवाज अगदी खाली.

"दादा, घरान कोनाला सांगू नको. भाकरी परातीतून उठत नाय. काय करू?"

नामदेवरावांनी बायकोकडे पाहिलं, बाल्कनीत जाऊन दार लोटलं आणि घसा साफ केला.

"आधी उकड नीट काढ. पीठ गरम हाय तवर मल. आनि नंदू," ते थांबले, "मनगट जप रं."