शेऱ्याचा रकाना

“एक बटन दाबाचं, महादेवराव. फक्त एक. पाच हजार एक पुस्तकं सरळ फायलीत,” ग्रंथपाल शेखर म्हणाला आणि वाचनालयाच्या अध्यक्षांसमोर खुर्चीत गर्रकन फिरला.

संग्रामपूरकडच्या त्या गावातलं हे वाचनालय वीस वर्षं ‘क’ वर्गात कुजत पडलं होतं. ‘ब’ वर्गाला पाच हजार पुस्तकं लागत. यंदा वर्ग वाढला नाही तर ही खोली खताच्या दुकानाला जाईल आणि ग्रंथपालानं वावरात जावं, असं महादेवरावांनी सांगून टाकलं होतं. कपाटात पुस्तकं होती चार हजार नऊशे चौसष्ट. उरलेली सदतीस शेखरनं चहा पिता पिता डोक्यातून काढून कॉम्प्युटरात भरली होती. नाव आणि लेखक, बस्स. ‘विहिरीतला शेजारी’. ‘तुरीवरच्या अळीचं मनोगत’. ‘उशिरा आलेल्या एसटीचे प्रवासी’. हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

बटन दाबलं. यादी जिल्ह्याला गेली. महादेवराव खुश होऊन घरी गेले. मग शेखरनं कौतुकानं फाइल उघडली आणि त्याच्या लक्षात आलं की त्या सदतीस ओळींचा शेऱ्याचा रकाना भरलेला आहे. त्यानं तो कोराच सोडला होता.

‘विहिरीतला शेजारी’पुढं होतं : पान ४१ वर चहाचा डाग. अळीपुढं : मुखपृष्ठ कुरतडलेले. एसटीपुढं : अद्याप यायचे आहे.

त्यानं सॉफ्टवेअरवाल्या राजकुमारला फोन लावला. यादी आपोआप शेरे मारते का, असं विचारलं. “दादा,” राजकुमार म्हणाला, “आमचं सॉफ्टवेअर इतकं हुशार असतं, तं मी काऊन खामगावात बसलो असतो?”

फोन ठेवला तर समोर नेहमीच्या वाचक जनकाबाई उभ्या. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

“घे बापा, तुह्यावालं पुस्तक. दोनदा वाचलं. शेवट नाही आवडला मले.”

‘विहिरीतला शेजारी’. शेखरनं पान एक्केचाळीस उघडलं. डाग होता. अजून ओला होता.

“हे... कवा नेलं होतं, काकू?”

“तूच तं देलं, पोळ्याच्या आंधी. तवा तुह्या हातात चहाचा कप होता.”

शेखर थेट मागच्या कपाटाकडं धावला. बाकीची पस्तीस तिथं ओळीनं उभी होती, पाठीवर नंबर चिकटवलेली. अळीच्या पुस्तकाला कोपऱ्यात भोकं. शिपाई शालिग्राम फडकं मारत होता. ही कधीपासून आहेत, असं विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, “मी तं रोजच झटकतो यायले. तुम्हीच कपाटाकडं पाहत नाही, साहेब.”

दोन दिवस शेखरला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या मनात आलं, भुताटकीची का असेनात, मोजणीत तर धरतील. मग तो पोटभर जेवला.

तपासणीच्या दिवशी सकाळी कंडक्टरनं एसटीतून एक पार्सल उतरवून दिलं. गाडी एक तास लेट होती. सदतिसावं पुस्तक आलं.

निरीक्षक मॅडमनी यादीतलं कुठलंही नाव घ्यावं आणि शालिग्रामनं ते पुस्तक हजर करावं, असं दुपारपर्यंत चाललं. महादेवरावांनी हारसुद्धा मागवला. मग मॅडमनी सगळी पुस्तकं मोजली. पाच हजार दोन.

जास्तीचं पुस्तक त्यांनी शेखरपुढं धरलं. नाव ‘एक बटन’. लेखक म्हणून शेखरचंच नाव. त्यानं आयुष्यात अर्जाशिवाय काही लिहिलं नव्हतं.

“याची नोंद नाही,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारपर्यंत नोंद करून नवी यादी पाठवा. कपाट आणि यादी जुळली तरच ‘ब’ वर्ग.”

त्या गेल्यावर शेखरनं ते पुस्तक दोनदा घरी नेऊन लपवलं. दोनदा ते परत कपाटात दिसलं. शेवटी शनिवारी त्यानं नाव भरलं, लेखक भरला, शेऱ्याच्या रकान्यात मुद्दाम एक आडवी रेघ मारली आणि बटन दाबलं. यादी गेली. त्यानं फाइल उघडून शेवटची ओळ पाहिली.

शेरा : ग्रंथपालासह गहाळ.

सोमवारी शालिग्रामनं कुलूप उघडलं आणि रिकामी खुर्ची झटकली. मॅडम येऊन पुस्तकं मोजून गेल्या. पाच हजार दोन नोंदी, एक गहाळ, कपाटात पाच हजार एक. सगळं जुळलं. वाचनालयाला ‘ब’ वर्ग मिळाला.