काशीत सोडायचं पडवळ

यातलं एक अक्षर तरी खरं मानून दाखव, म्हणजे तुला शहाणी म्हणेन. मानणार नाहीसच. माझ्या सुनेनंसुद्धा मानलं नाही, आणि तिनं तर ते पडवळ स्वतःच्या हातानं चिरलं होतं.

हे समोरचं घर बघ. त्रिविक्रमरावांचं. आमच्या अख्ख्या चामराजपेटेत त्यांच्याएवढा हट्टी माणूस दुसरा नाही (मी आहे, पण मला कोण धरतंय). सरकारी कारखान्यात नकाशे काढायचे. यंत्रांचे हं, गावांचे नाही. पण हाताला सवय लागली की लागली. त्या वर्षी लांब रजा मिळाली, काशीला जायचं ठरलं, तर यांनी आधी काशीचा नकाशा काढला. होडीत कुठल्या घाटावर बसायचं, सारनाथला कधी जायचं, रामनगरचा किल्ला कधी, शालू कुठल्या गल्लीत विणतात, सगळं लाल-निळ्या पेन्सिलीनं. देऊळ एक नाही त्यात. आणि कुणी विचारलं की सांगायचे, पाप धुवायला नाही चाललो, साइटसीइंगला चाललोय. ‘साइटसीइंग’ असं म्हणायचे, जसं काही आम्ही बाकीचे सगळे डोळे मिटूनच जन्माला आलो होतो.

त्यांची बायको प्रेमा. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. कॉफी दळत होती. ती बाई तेव्हा सदा कॉफीच दळत असायची. रावांना कॉफी लागायची उठल्यावर, आंघोळ झाल्यावर, कारखान्याला निघताना, परत आल्याबरोबर, कुणी आलं म्हणून आणि मग ते एकदाचं गेलं म्हणून. तयार पूड चालायची नाही. बिया शेगडीवर भाजायच्या, ताज्या ताज्या हातयंत्रात दळायच्या, पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरवायच्या. प्रेमाचा उजवा दंड पैलवानासारखा झाला होता. खोटं नाही सांगत. बरं, थोडं सांगतेय.

मग एक दिवस भीमाचार्य आले. आमच्या गल्लीचे पुरोहित. जीभ अशी तिखट की देवसुद्धा पाणी मागेल. रावांकडची कॉफी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, काशीला जाताय, तर तिथं सोडणार काय? तुला ठाऊक आहे ना? काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू गंगेला सोडून यायची. मग ती जन्मात तोंडाला लावायची नाही.

राव म्हणाले, हे यात्रेकरूंना. मी साइटसीइंगला चाललोय.

“गंगेला ते कसं कळायचं?” आचार्य म्हणाले. “पाय भिजले की भिजले.”

राव हसले, पण त्या क्षणापासून झोप उडाली त्यांची. कारण आवडीची वस्तू म्हटलं की गल्लीतलं कुत्रंसुद्धा कॉफीच म्हणालं असतं. दुसऱ्या सकाळी दूधवाला शिवाप्पा दारात उभा राहून विचारतोय, अण्णा, काशीहून आल्यावर दूध स्वल्प कमी घालायचं ना?

तेव्हा राव ओसरीवर येऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. “कॉफी मी सोडणार नाही. स्वर्गातून विमान आलं आणि आत कॉफी नाही म्हणाले, तर मी त्यात चढणार नाही.”

बोलले खरे. पण रीत मोडायची छातीही नव्हती. असा अडकला की माणूस वकील होतो. आवडीचीच वस्तू सोडायची ना? सरी, ठीक. मग ती कॉफीच असली पाहिजे असं कुठं आहे? रावांना जगात सगळ्यात नावडतं म्हणजे पडवळ. लग्नाच्या पंगतीतसुद्धा केळीच्या पानाखाली लपवायचे. ठरलं. पडवळ सोडायचं. फक्त त्याआधी ते आपल्याला आवडतं हे लोकांना पटायला हवं.

संध्याकाळी त्यांनी आचार्यांना गाठलं आणि आवाज खोल नेऊन सांगितलं, की खरं म्हणजे पडवळावर माझा जीव आहे. आजवर बोललो नाही. कॉफीचं काय, ती नुसती सवय.

आचार्यांनी बघितलं त्यांच्याकडे. मग सरळ मला येऊन सांगितलं, आणि मी गल्लीला.

मग काय विचारतेस. काशीला निघालेल्या माणसाला जेवू घालायचं पुण्य, आणि त्यात त्याची शेवटची आवड. घरोघर बोलावणी. भातावर पडवळाची हुळी, पडवळाची भजी, डाळ घालून, नारळ घालून, पोटात मसाला भरून. मी परसातल्या वेलावरचं माझ्याएवढं लांब पडवळ खांद्यावर टाकून नेऊन दिलं, वर आणखी एक सुनेकडून चिरून घेऊन जेवायलाही बोलावलं. कारखान्यातल्या लोकांनी निरोपाला हार घातला, त्यात मध्ये पदक म्हणून पडवळच. राव गिळायचे, हसायचे, आणि घराकडे पळायचे कॉफीनं तोंड धुवायला. प्रेमा आपली यंत्र फिरवत असायची. नवऱ्याला काय आवडतं ते तिला ठाऊक नव्हतं होय? पण घरी वाढताना एवढंच म्हणायची, अजून घ्या, पुढं मिळायचं नाही.

गेले एकदाचे काशीला. तिथलं मला प्रेमानं सांगितलं. होडी झाली, किल्ला झाला, मग घाटावर एका भटजीपुढं दोघं बसली. राव छाती काढून म्हणाले, पडवळ सोडलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. भटजीला वाटलं, केवढा हा त्याग.

मग भटजी प्रेमाकडे वळला. तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाली, “मी कॉफी सोडते.”

राव म्हणाले, अगं, तू कशाला, तुला लागते ना सकाळी?

“पिणं नव्हे हो. करणं.”

रावांना घाम फुटला. गंगेच्या काठावर, थंडीत. म्हणाले, ती काय आवडीची वस्तू झाली का, नियम आहे, आवडीचीच सोडायची असते.

“चार माणसांत तुम्हीच सांगता ना, आमच्या हिला कॉफी करायची भारी हौस? लोकांना पटलंय ते. तुमच्या पडवळासारखंच.” आणि ओंजळ उघडली.

परत आल्यावर राव आधी आचार्यांकडे धावले, काही तोड आहे का विचारायला. आचार्य म्हणाले, गंगेला दिलेलं परत घेता येत नाही, आणि एक पेला आणा बघू कॉफीचा. पहिल्या दिवशी रावांनी बिया अशा जाळल्या की शिवाप्पा दुधाची घागर घेऊन आग विझवायला धावला. प्रेमा ओसरीवर बसून होती. रावांनी आणून दिलेला पेला हातात घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाली, उद्या स्वल्प कमी भाजा.

ऐकतेस ना, ती समोर घरघर चाललीय? राव आता थकले, दळायला वेळ लागतो त्यांना. दोघांची झाली की तिसरा पेला माझा असतो, आणि चौथं माणूस दारात दिसलं की रडकुंडीला येतात बिचारे. ऊठ, जा आता तू घरी.